दगडूचा ठोका

हे मी आजवर कोणापुढे बोललेलो नाही. बायकोला तिचं तिलाच थोडं उमगलं होतं, पण मी होऊन तिलाही सांगितलं नाही. देवाला सांगायचा प्रश्नच नाही — त्याला माहीत असणार, मग तोंड कशाला वाजवायचं? तुम्हाला मात्र सांगणार आहे. बसा. गंमत बघा, सांगायच्या नुसत्या विचारानं माझ्या छातीत धडधडतंय, आणि ती धडधड भीतीची नाही. त्या दिवसांची आठवण निघाली की माझ्या या म्हाताऱ्या अंगात वारं शिरतं, मी काय करू! माणसानं वाईट वागावं आणि तेही आयुष्यातल्या सगळ्यात झकास दिवसांत वागावं — याला काय म्हणाल?

मी रंगनाथ. जात तांबटाची, धंदा तांबटाचा, जन्म नाशकातल्या तांबट आळीतला. आमच्या अख्ख्या आळीत माझ्याइतका बोलका माणूस नव्हता. गिऱ्हाईक पटवायचं असो, भांडण लावायचं असो की मिटवायचं — बोलवा रंगाला! आणि कामात? कामात मी वाईट नव्हतो. बरा होतो. म्हणजे हात चपळ, पण घाईचा. माझ्या हातच्या घागरीवर बोटं फिरवली तर कुठंतरी एक खळगा जास्त खोल लागायचा. लागायचा म्हणजे लागायचाच. मला ते ठाऊक होतं, आणि दगडूला ठाऊक होतं.

दगडू माझ्याहून थोरला. माझा बाप मी मिसरूड फुटायच्या आधी गेला, तेव्हा हातोडी धरायला मला त्यानंच शिकवलं. सख्ख्या भावानं शिकवलं नसतं इतक्या मायेनं. बोलायचा कमी, हसायचा मात्र पुष्कळ. माझ्या बडबडीवर तर पोट धरून हसायचा. आता त्याच्या कामाचं सांगतो, ते नीट ऐका, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. तांब्याचं भांडं घडवून झालं की शेवटी त्यावर मठार करतात. ऐरणीवर भांडं चढवायचं आणि हातोडीनं सगळ्या अंगावर ओळीनं ठोके घालत जायचं, म्हणजे तांबं कडक होतं आणि त्यावर ते चमचमणारे खळगे उठतात. ज्यानं त्यानं ठोकायची लकब वेगळी. आळीतून डोळे मिटून गेलात तरी कोणाच्या घरी कोण बसलंय ते कळायचं. दगडूची लकब अशी — दोन ठोके भांड्यावर, भरीव. आणि तिसरा हलकेच रिकाम्या ऐरणीवर, पोकळ. त्या पोकळ ठोक्याच्या वेळात डाव्या हातानं भांडं जेवढं फिरवायचं तेवढं फिरवून घ्यायचा. ठण् ठण् — टिंग. ठण् ठण् — टिंग. तासन्‌तास ऐका, एक ठोका मागेपुढे नाही. त्याच्या घागरीवर पाणी ओतलं की ते सगळीकडून सारखं ओघळायचं.

आणि मग ती मंदी आली. मंदी मंदी म्हणतात, पण ती दिसते कशी? आम्हाला ती ऐकू आली. आधी आळीच्या टोकाची दोन घरं गप्प झाली, मग मधली, मग एक दिवस सकाळी मी अंथरुणात पडल्या पडल्या कावळे ऐकले. तांबट आळीत कावळे! जन्मात कधी ऐकले नव्हते हो. लोकं नवी भांडी घेतील कशाला, होती ती मोडायला काढत होती. तिकडे सराफ बाजारात बायकांच्या पाटल्या-बांगड्या मोडायला गर्दी, सोन्याला भाव चढलेला. ते सगळं सोनं म्हणे बोटीत बसून विलायतेला चाललं होतं. ज्यांच्याकडे सोनं नव्हतं ते आमच्याकडे हंडे घेऊन यायचे, मोडीत घ्या म्हणून. एकदा दगडूच्याच हातचं घंगाळ मोडीत आलं. त्यानं ते उलटसुलट करून बघितलं, म्हणाला, "बरं झालंय रे हे," आणि ठेवून दिलं.

कामं बंद पडल्यावर आम्ही दोघांनी त्र्यंबकच्या रस्त्यावर खडी फोडली. मी दिवसभर शिव्या घालायचो — सरकारला, शेटजींना, उन्हाला. दगडू खडीसुद्धा त्याच चालीवर फोडायचा. दोन दगडावर, एक बाजूला. मुकादम डोकं धरून बसायचा. दगडूची पोर, शेवंता, तेव्हा लग्नाची झालेली. ठरत आलेलं मंदीपायी लांबलं, ते लांबतच चाललं. तिची तेवढी एकच काळजी त्याच्या तोंडून यायची.

आता तेजीचं सांगतो. ती कशी आली माहीत आहे? दाढी करता करता आली! आमचा न्हावी माझ्या गालाला साबण लावून वस्तरा हातात तसाच धरून मला म्हणाला, "रंगाभाऊ, साखरेच्या कारखान्याचा शेअर घेतला मी." म्हटलं, काय घेतलास? शेअर! ज्यानं गेली दोन वर्षं लोकांच्या दाढ्या उधारीवर केल्या त्यानं शेअर घेतला! उठून बसलो ना मी तसाच, अर्ध्या गालानं. मग चहाच्या दुकानात गेलो तर तिथं एक जण वर्तमानपत्र मोठ्यानं वाचतोय, आणि वीस माणसं ऐकतायत — मुंबईचा बाजार वर, गिरण्या रात्रपाळी सुरू करणार, कापूस वर, तांबं वर. तांबं वर! आमचं तांबं! निफाडकडे उसाला पैसा येऊ लागला होता, नगरकडे कारखाने उभे राहत होते, मनमाडला रेल्वेत माणसं लावत होते. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे लग्नं! लोकांनी तीन-तीन वर्षं तुंबवून ठेवलेली लग्नं एकदम सुटली. एकेका घरात दोन दोन मांडव. आणि लग्न म्हटलं की घागर आली, हंडा आला, तपेलं, ताम्हण, तांब्या सगळं आलं. लेकीला भांड्यावाचून कोण पाठवतो? मी त्या दिवशी रविवार कारंज्यापासून आळीपर्यंत पळत आलो. खरंच पळत. लोकं बघत होती, बघू देत!

आमच्या आळीतला मोठा कारखाना आबाशेठांचा. आबाशेठ जातीचे कासार, राहायला आळीबाहेर आणि दिवसभर स्वतःच्या कारखान्याच्या गोंगाटात, म्हणून घरोघरचे ठोके त्यांच्या ओळखीचे नव्हते; पण तरुणपणी स्वतः हातोडी चालवलेली. मग दुकान काढलं, मग कारखाना. मंदीत सगळे तांबं विकत होते तेव्हा या गृहस्थानं बायकोचा विरोध पत्करून मुंबईहून पत्रे आणून ठेवले. आळी हसली. मीही हसलो, नक्कल करून हसवलंदेखील. आता तेच पत्रे सोन्यासारखे झाले, आणि म्हातारा उतावळा झाला — लग्नसराई गाठायची, भट्ट्या पेटवायच्या, माणसं लावायची, आजच्या आज! पण नेमका तेव्हाच त्यांनी मोतीबिंदू काढून घेतलेला. दोन्ही डोळ्यांवर पट्टी, डॉक्टरनं मान हलवू नका सांगितलेलं. दुसरा कोणी असता तर पडून राहिला असता. आबाशेठ पट्टी बांधून गादीवर येऊन बसले, मान लोडाला टेकवून, आणि निरोप धाडला: मुख्य कारागीर पाहिजे. ज्याला हात दाखवायचा असेल त्यानं यावं. पुढची माणसं तोच निवडेल.

मुख्य कारागीर! अहो, ती जागा म्हणजे आळीत मान. बारमाही काम, आणि हाताखाली दहा माणसं. दगडूनं तर घरी शेवंताला सांगूनही टाकलं होतं की यंदा तुझी भांडी माझ्या हातची होणार. आमच्यात तांबटाच्या लेकीला दुसऱ्याच्या हातची भांडी देत नाहीत. दिली तर सासरी विचारतात, बापाचे हात मोडले होते का?

आम्ही सहा-सात जण गेलो. दुकान पुढे, मध्ये अंधारी बोळकंडी, आणि मागे काम करायची पडवी. आबाशेठांची रीत अशी, की नाव सांगायचं नाही, कोणाची शिफारस आणायची नाही. पाळीपाळीनं बसा आणि ठोका. "मला दिसत नाही ते बरंच आहे," म्हणाले, "तोंडं बघून माणूस फसतो. कान फसत नाहीत." तेच फसले, आणि कोणी फसवले ते आता येतंच आहे.

सगळ्यांच्या आधी मी बसलो. चांगलं ठोकलं, पण घाम आला, घाई झाली, तुम्हाला सांगितलं ना! मग इतर बसले. मग दगडू बसला. ठण् ठण् — टिंग. काय सांगू त्या दिवशीचं! इतक्या दिवसांनी तांब्यावर हात पडत होता त्याचा, गडी खुलला होता. कबुतरं उडायची थांबली म्हणालो तर खोटं होईल, पण आम्ही सगळे श्वास धरून ऐकत होतो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आनंदानं! हे लक्षात ठेवा हं, त्या क्षणी माझ्या मनात काळंबेरं काही नव्हतं.

पुढून शेठांची हाक आली, "थांबा. जरा इकडे या कोणीतरी."

दगडू जागचा उठला नाही. मोठ्या माणसापुढे त्याची जीभ टाळूला चिकटायची. घाम पुसत मला म्हणाला, "जा रे रंगा, तू बोलका. काय म्हणतात बघ."

मी गेलो. बोळकंडीत करीमचाचा बसले होते, कल्हईवाले. भांड्यांना कल्हई त्यांचीच असायची, वर्षानुवर्षं. भात्याला नवं कातडं लावत होते. त्यांना ओलांडून मी गादीपुढे उभा राहिलो. आबाशेठांचा चेहरा नुसता फुलला होता. डोळ्यांवर ती हिरवी पट्टी, मान लोडाला, आणि तोंडभर हसू. म्हणाले, "हा आत्ता ठोकत होता तो कोण?"

मी काय म्हणालो ते तुम्हाला कळलंच असेल. तरी मी ते माझ्या तोंडानं म्हणतो. मी म्हणालो, "मीच शेठ. रंगनाथ."

का म्हणालो? आधी ठरवलं होतं का? नाही. भूक होती का? सगळ्यांनाच होती. तोंडातून निघून गेलं म्हणावं, तर माझं तोंड माझ्या हुकमाबाहेर कधी गेलेलं नाही. बरं, सुधारायला वेळ नव्हता का? होता की. शेठ उठून बसू बघत होते, हात चाचपडत माझा हात शोधत होते, "शाब्बास पोरा, शाब्बास," म्हणत होते. मी हात पुढे केला. त्यांनी माझा तळवा दोन्ही हातांत धरून दाबला. आणि मला — हेच ते, हेच मी कधी सांगितलं नाही — मला इतका आनंद झाला! लाज नंतर आली. पहिल्यांदा आला तो आनंद, निव्वळ, अंगभर. आभाळ ठेंगणं झालं मला.

परत येताना करीमचाचांनी वर बघितलं. एरवी मला रंग्या म्हणायचे. म्हणाले, "रंगनाथ, माझे कान शाबूत हायेत." बास, एवढंच. पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही, आणि माझ्या हातचा चहाही पुन्हा घेतला नाही. मी कप पुढे केला की म्हणायचे, आत्ताच झाला.

आणि दगडू? मी पडवीत आलो तर सगळे माझ्याकडे बघतायत. मी म्हटलं, "मला ठेवलं." एक क्षण दगडूला कळलंच नाही. मग त्यानं मला मिठीच मारली हो! "अरे वा रंगा! लग्नसराई आहे, त्यांना चपळ हात पाहिजे असणार," असं म्हणाला. माझ्या खोट्याला कारणसुद्धा त्यानंच शोधून दिलं. मी मान हलवली.

पुढची माणसं मी निवडायची होती. दगडूला घेतलं असतं तर? तो बसला असता, त्यानं ठोकलं असतं, आणि पुढे गादीवर ते कान होतेच. चोराच्या मनात चांदणं! म्हणून मी दगडूला बाजूला घेऊन सांगितलं, शेठ म्हणतात तरुण पोरंच घ्या, माझा इलाज नाही. पहिलं खोटं एका शब्दाचं होतं. हे चांगलं घोळून घोळून बोललो. दगडूनं माझ्या खांद्यावर हात ठेवला, म्हणाला, "तू नको वाईट वाटून घेऊ." आठवडाभरात तो मनमाडला गेला. तिथं स्टेशनात कोळसा उतरवायचं काम लागलं त्याला.

आता तुम्ही म्हणाल, मग हा माणूस खंगला असेल, झोप उडाली असेल. कसली झोप न् काय! मला झोपायला वेळच नव्हता! ते वर्ष म्हणजे — अहो, भट्ट्या दिवसभर धगधगतायत, दुकानापुढे बैलगाड्या उभ्या, वणीकडचा एक पाटील तर चार लेकींचं एकदम घेऊन गेला. पत्रा कमी पडला, शेठांनी मुंबईला माणूस धाडला, तोवर भाव पुन्हा चढला, तरी घेतला! न्हाव्यानं शेअर विकून दुकानाला आरसा आणला, भिंतीएवढा. आळीत बोलायचं तर ओरडून बोलावं लागायचं. कावळे कुठल्या कुठे पळाले. मी पोरांवर ओरडत, गिऱ्हाइकांशी हसत, इकडून तिकडे नाचत होतो. गोदीला, म्हणजे माझ्या बायकोला, मी लुगडं घेतलं येवल्याचं. ती नेसून उभी राहिली तेव्हा मी म्हटलं, राणी दिसतेस. ते सगळं खरं होतं, आणि ते सगळं दगडूचं होतं.

एक फास मात्र गळ्यात होता. आबाशेठांची पट्टी सुटली. चष्मा लागला. एक दिवस पडवीत येऊन माझ्यामागे उभे राहिले, बराच वेळ. म्हणाले, "रंगनाथ, त्या दिवशीचा तो ठोका कुठं गेला?"

मी हातोडी खाली ठेवली. पण जीभ! जिभेनं मला कधी दगा दिला नाही. म्हटलं, "शेठ, लग्नसराई आहे, तो सावकाशीचा ठोका आहे. गर्दी ओसरली की काढतो." ते "बरं" म्हणाले आणि गेले. विश्वास ठेवला की नाही, कोण जाणे.

मग मी तो शिकलो. दुपारी जेवायला घरी गेलो की परसातल्या ऐरणीवर जुनी कळशी पालथी घालून बसायचो. दोन भरीव, एक पोकळ. सोपं वाटतं ना? करून बघा. तो पोकळ ठोका हातात येतच नाही. माझा हात घाईचा, त्याला रिकामा ठोका म्हणजे फुकट वाटायचा, तो गाळायला बघायचा. किती चिडलो मी! कळशी फेकलीय, हातोडी फेकलीय. एकदा गोदी दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "हा तर दगडूभावजींचा ठोका." मी म्हटलं, मग? ती म्हणाली, "भावजींना का नाही घेतलं तुम्ही कारखान्यात?" मी तिच्यावर असा ओरडलो, असा ओरडलो की शेजारणी बाहेर आल्या. तिनं पुन्हा विचारलं नाही. पण त्या लुगड्याची घडी पुन्हा मोडली नाही तिनं.

आणि पावसाळा सरता सरता एका दुपारी तो आला. आपसूक! हात सुटला, मनगट सैल झालं, भांडं आपोआप फिरू लागलं. ठण् ठण् — टिंग. मी वेडा झालो आनंदानं. एकटाच हसत होतो परसात. बोटं फिरवून बघितली, कुठं खळगा नाही, सगळं सारखं. चोरी होती हो, पण काय चोरी! आबाशेठांनी ऐकलं आणि चष्मा काढून डोळे पुसले. आळीतली म्हातारी माणसं माझ्या दारात येऊन उभी राहू लागली, ऐकायला. इथवर आलात, आणि कदाचित मनात म्हणत असाल, झालं ते झालं, निदान विद्या तरी जगली. असं म्हणू नका. अजून खरं राहिलंय.

पुढल्या वर्षी, माघात, लग्नसराई ऐन भरात होती. दुपारची वेळ. माणसं जेवायला गेलेली. आबाशेठ पुढे गादीवर पडले होते. मी एकटा पडवीत एक घागर मठारत होतो. थांबलो तेव्हा मागच्या दारात कोणीतरी उभं आहे असं वाटलं. दगडू होता. किती वेळ उभा होता, देव जाणे. वाळला होता. नखांत काळं बसलेलं, गालातही. काखेत एक गाठोडं. आणि चेहऱ्यावर — हसू!

"लेका," म्हणाला, "बोळात शिरलो आणि मला वाटलं मीच आत बसलोय की काय!"

मी काही बोललो नाही. मी, रंगनाथ!

आत येऊन त्यानं घागरीवर बोटं फिरवली. अगदी हळू, सगळीकडून. "शिकलास रे," म्हणाला. अभिमानानं म्हणाला हो. त्याला वाटलं, त्यानं शिकवलं म्हणून आलं.

मग सांगितलं. शेवंताचं ठरलं. मुलगा सिन्नरचा, चांगला आहे. फाल्गुनात उरकायचं. इथली ऐरण त्यानं जातानाच विकलेली, आणि मनमाडला कोळसाच कोळसा, तिथं ना ऐरण ना भट्टी. "हंगामापुरतं घे मला," म्हणाला. "मुख्य बिख्य नको. कोपऱ्यात बसेन. मजुरीच्या बदली तेवढी तिची भांडी करून नेईन."

माझ्या पाठीमागे तीन ऐरणी रिकाम्या होत्या. कामाला माणसं पुरत नव्हती, आबाशेठ रोज सकाळी माझ्यावर खेकसत होते, माणसं आण म्हणून. आळीत तेव्हा लंगडा-पांगळा आला असता तरी मी बसवला असता.

मी म्हणालो, "जागा नाही दगडू."

त्यानं माझ्या पाठीमागे बघितलं. त्या ऐरणींकडे. मग माझ्याकडे. गाठोडं सोडलं. आत तांब्याचा पत्रा होता, घागरीपुरता, नवा कोरा. कोळसा उतरवून उतरवून घेतलेला असणार. म्हणाला, "बरं, मग असं कर. या अशा जेवायच्या वेळात, कोणी नसतं तेव्हा, मला बसू दे. एक घागर तेवढी. बाकीचं विकत घेईन. एक तरी माझ्या हातची जाऊ दे पोरीबरोबर."

एक घागर. अर्ध्या दिवसाचं काम. पुढे आबाशेठ डुलकी काढत होते, आणि त्यांचे ते कान जागेच असायचे. दगडूनं ठोकायला घेतलं असतं, आणि शेठ ऐकायला उठून आले असते, तर ऐरणीवर तो आणि मी नुसता समोर उभा.

"नाही जमायचं," मी म्हणालो. "शेठांना चालत नाही बाहेरचं काम."

कुठलं बाहेरचं काम? आळीत अशा वेळी कोणी कोणाला नाही म्हणत नसे, लेकीच्या घागरीला तर कधीच नाही. मला ते माहीत होतं. त्यालाही माहीत होतं. तो काय समजला, मला सांगता येणार नाही. ऐरणीकडे एकदा बघितलं, घागरीकडे एकदा बघितलं, माझ्या हाताकडे बघितलं. मग पत्रा पुन्हा गाठोड्यात बांधला. गाठ नीट बसेना, पुन्हा सोडली, पुन्हा बांधली. म्हणाला, "वहिनींना सांग, येऊन गेलो म्हणून."

मी गोदीला ते कधी सांगितलं नाही.

तो दारातून बाहेर पडला तोच पुढून आबाशेठांचा आवाज आला, झोपेतला. "कोण होतं रे?"

"कोणी नाही शेठ."

"मग थांबलास का? संध्याकाळी गाडी भरायचीय."

मी ऐरणीपुढे बसलो. घागर चढवली. हातोडी घेतली. दगडू अजून आळीतच असणार, तो नेहमी सावकाश चालायचा, आणि दुपारी आळीत दुसरा आवाज नसतो. सगळं ऐकू जात असणार त्याला, अगदी टोकापर्यंत. मी ठोकायला लागलो. दोन भरीव, एक पोकळ. दोन भरीव, एक पोकळ. मला वाटलं होतं, हात थरथरेल. एकही ठोका चुकला नाही.